'ब्लूई'तल्या बापाच्या हातात कायम काहीतरी काम असतं

लहान मूल असलेल्या चार आयटीवाल्यांमध्ये 'ब्लूई'चा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी बँडिटवर येते. बँडिट म्हणजे ब्लूईचा बाप. तो कसला भारी आहे, कधीही खेळायला तयार असतो, सहसा चिडत नाही, आणि त्याच्यामुळे आपल्याला घरी कसं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या टीममधल्या एकाचं तर म्हणणं आहे की हे कार्टून म्हणजे बायकांनी नवऱ्यांविरुद्ध रचलेला आंतरराष्ट्रीय कट आहे. विनोद म्हणून ठीक. पण या बँडिटपुराणात मालिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट बोलायची राहून जाते, असं मला वाटतं.

ज्यांच्या घरात अजून हे सुरू झालेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ब्लूई' ही ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी ॲनिमेटेड मालिका. निर्माता जो ब्रम, स्टुडिओ लुडो. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ती तिथल्या एबीसी किड्स वाहिनीवर सुरू झाली. पात्रं सगळी कुत्र्यांची. सुरुवातीला ब्लूई सहा वर्षांची, धाकटी बिंगो चारची. आई चिली, बाबा बँडिट, आडनाव हीलर. (ब्लू हीलर ही गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांची तिकडची जात.) एक भाग जेमतेम सात मिनिटांचा. खलनायक नाही, एबीसीडी नाही, आकडे शिकवणं नाही. नील्सनच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त पाहिली गेलेली मालिका हीच होती, मोठ्यांच्या मालिका धरून. ५५ अब्जांहून जास्त मिनिटं. एवढ्या मिनिटांत किती आईबापांनी किती भांडी घासली असतील याची मोजणी नील्सनकडे नसते. आमच्या घरी एक भाग म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या.

माझी लेक अडीच वर्षांची आहे. तिच्यासोबत मी ही मालिका इतक्या वेळा बघितली आहे की आता तिच्याआधी मीच हसतो. मालिकेचे दीडशेच्या वर भाग आहेत. त्यातले जे पुन्हा पुन्हा बघूनही शिळे होत नाहीत, त्यांच्यात मला एक साम्य दिसतं: त्या भागांत आईबाप दुसरंच काहीतरी करत असतात. काहीतरी जोडत असतात, आणत असतात, उभारत असतात. मुलींचा खेळ त्या कामाच्या कडेकडेने चालतो. 'मुलांना वेळ द्या' हा जो उपदेश आपण या मालिकेतून घेतो तो तिच्यातला अर्धाच भाग आहे, आणि मला विचाराल तर कमी महत्त्वाचा अर्धा.

दुसऱ्या सीझनमधला 'फ्लॅट पॅक' घ्या. बँडिट आणि चिली बसायचा झोपाळा विकत आणतात. म्हणजे झोपाळ्याचे सुटे भाग आणतात. मोठमोठे खोके, त्यात दांडे, नट-बोल्ट आणि जोडणीचं पत्रक. अख्खा भागभर ते दोघं तोच जोडत बसतात. जुळत नाही, कुरबुर होते, पुन्हा जोडतात. मुलींना त्यांनी खेळायला काही दिलेलं नाही. मुली फेकलेले खोके आणि पॅकिंगचे तुकडे उचलतात आणि त्यांतून मासे होतात. मग बेडूक, मग डायनोसॉर, मग माकडं, मग गुहेतली माणसं. सात मिनिटांत जीवसृष्टीचा सगळा प्रवास. शेवटी शेवटी ब्लूई आई झालेली असते आणि बिंगो तिची मुलगी. मुलगी मोठी होऊन दूर अंतराळात निघून जाते, आणि म्हातारी झालेली ब्लूई आपल्या खऱ्या आईबाबांपाशी येऊन नव्या झोपाळ्यावर बसते.

या भागावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आईबाप म्हणजे वर बसलेले देव, मुली म्हणजे सृष्टी, वगैरे. ते सगळं त्यात आहेच. मला मात्र त्या खोक्यांचं जास्त वाटतं. तो खेळ कुणी आखलेला नाही, मोठ्यांच्या कामातून जे उरलं त्याचा तो खेळ आहे. आणि बँडिट, ज्याच्यावरून आपण ऑफिसात एवढे भांडतो तो आदर्श बाप, इथे फारसा खेळतच नाही. त्याचे हात अडकलेले आहेत. पण तो तिथे आहे, काय करतोय ते मुलींना दिसतंय, आणि त्याच्या कामातून काहीतरी खाली पडतंय.

हे शेवटचं मला लागलं, कारण माझ्या कामाचा भुसा पडत नाही. आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करतो. लेकीला जे दिसतं ते असं: बाबा एका चौकोनाकडे बघत बसतो, मधूनच त्या चौकोनाशी इंग्रजीत बोलतो, आणि कधीकधी उगाचच कपाळाला हात लावतो. त्या कामातून तिच्या वाट्याला एक खोका येत नाही की एक स्क्रू. आईचंही तेच, फक्त चौकोन वेगळा. आम्ही दोघं दिवसभर घरात असतो आणि तिच्या दृष्टीने काहीच करत नसतो. स्वयंपाक सुरू झाला की मात्र ती धावत येते, कारण तिथे कणीक असते, शेंगांची टरफलं असतात, वाटीने सांडायला तांदूळ असतात. आपल्या भातुकलीत बोळकी, तवा, जातं असायचं, ते का, हे मला इंजिनिअर होऊन आठ वर्षांनी एका ऑस्ट्रेलियन कुत्र्यामुळे कळलं. आईच्या हातातली कामं दिसत होती म्हणून त्यांची छोटी आवृत्ती निघाली. लॅपटॉपची भातुकली लेकीने एकदा मांडून पाहिली. पुस्तक उघडून त्यावर दोन मिनिटं बोटं आपटली आणि कंटाळून उठली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

'हॅमरबार्न' हा भाग याच धाग्यावरचा, आणि विनोदाच्या बाबतीत मालिकेतला सगळ्यात नेमका. शेजाऱ्याचा पिझ्झा ओव्हन बघून बँडिटच्या पोटात दुखतं. मग सगळं कुटुंब हॅमरबार्नला जातं. हे दुकान म्हणजे बनिंग्ज या तिकडच्या हार्डवेअर साखळीची उघड नक्कल. ज्यांचे मित्र मेलबर्न-सिडनीला गेले आहेत त्यांनी बनिंग्जचे फोटो पाहिले असतील: विमानाच्या हँगरएवढं दुकान, त्यात खिळ्यापासून अंगणातल्या शेडपर्यंत सगळं, आणि शनिवार-रविवारी दाराबाहेर एखादा स्थानिक क्लब निधीसाठी पावात सॉसेज घालून विकतोय. भागात आईबाप सामान शोधत फिरतात आणि मुली सपाट ट्रॉलीवर बसलेल्या असतात. ट्रॉलीचे दोन भाग करून त्या दोन घरं मांडतात. बागेत ठेवायचे बुटके पुतळे हे त्यांचे नवरे. थोड्याच वेळात एकीला दुसरीच्या घरातलं काय हवं ते सुरू होतं. ट्रॉलीवर जे चाललंय तेच ट्रॉली ढकलणाऱ्याच्या डोक्यातही चाललंय, हे भाग कुठेही बोलून दाखवत नाही. घर सजवण्याच्या सगळ्या उद्योगातला मत्सर चार चाकांवर मांडून ठेवला आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नव्या फॉल्स सीलिंगचा फोटो टाकतं तेव्हा मला ती ट्रॉली दिसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये खऱ्या बनिंग्जने आपल्या काही दुकानांवर चक्क 'हॅमरबार्न' अशा पाट्या लावल्या आणि ते पुतळेही विकायला ठेवले. दुसऱ्याचं बघून आपल्यालाही हवं, या वेडाची टिंगल करणारा भाग, आणि त्याच्याच नावाने तेच वेड पुन्हा दुकानात. मालिकेत मुली काठ्या आणि खोक्यांनी खेळतात. मालिकेच्या बाहेर त्यांच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या, प्लॅस्टिकचं घर आणि प्लॅस्टिकची गाडी मिळते. आमच्याकडेही बिंगो आहे. भेट आलेली. लेक तिला कणीक भरवते.

पण 'हॅमरबार्न' बघताना आपल्याकडच्या प्रेक्षकाने एक गोष्ट डोक्यात ठेवायला हवी. तो बाप स्वतः हातोडी उचलतो याचं कारण त्याला फार हौस आहे एवढंच नाही. तिकडे सुतार किंवा इलेक्ट्रिशियन बोलावला की तासाचे पैसे भरताना घाम फुटतो. शिवाय घर स्वतःचं, अंगण स्वतःचं, गाडीला मागे सामान लादायची सोय. या सगळ्याच्या बेरजेतून ते हँगरएवढं दुकान उभं राहतं. पुण्यात हे सामान बोहरी आळीत मिळतं, प्लाय टिंबर मार्केटमध्ये. तिथे ट्रॉली सोडा, लेकीला खांद्यावर घेऊन चालणंही धाडसाचं आहे. आमच्याकडे ट्रॉली म्हटलं की किचन ट्रॉली, आणि ती बसवतो दुसराच माणूस.

गेल्या वर्षी फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर आमच्याकडे अठरा दिवस सुतारकाम चाललं. राजस्थानातून आलेले कारागीर. आम्ही त्यांना भैया म्हणायचो, लेक काका म्हणायची. धूळ नको म्हणून तिला आजीकडे ठेवायचं असं आमचं ठरलं होतं. ते दोन दिवस टिकलं. मग कटर बंद असेल तेवढा वेळ ती दाराशी बसायची. सनमायकाचे तुकडे रंगांप्रमाणे लावायची, प्लायच्या ढलप्यांना पोळ्या म्हणायची, मेजर टेपने आजीला मोजायची. अठराव्या दिवशी काकांनी उरलेल्या प्लायचा एक स्टूल तिच्या मापाचा करून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. 'फ्लॅट पॅक' आमच्या घरी घडला, फक्त झोपाळा जोडणारा माणूस मी नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत ते गावी व्हिडिओ कॉल लावायचे. तिकडची मुलगी साधारण आमच्या लेकीच्याच वयाची. ती स्क्रीनमधून विचारायची, तुमच्यामागे कोण बसलंय?

बँडिटच्या जगात हा माणूस सहसा लागत नाही. आपल्याकडे तो जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये येऊन गेलेला असतो. म्हणून 'बँडिटसारखा बाप व्हा' हे वाक्य पुण्यात म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो. आमचे हात रिकामे आहेत, कारण आम्ही कुणाचे तरी हात भाड्याने घेतलेत. आणि त्या हातांची मुलगी आठशे किलोमीटरवर आहे. ही मालिकेवर टीका नाही. ब्रिस्बेनच्या मालिकेने हिंजवडीचं अर्थशास्त्र कशाला सांगावं? पण आपण तिची शिकवण जशीच्या तशी उचलतो तेव्हा हे सोडून देतो.

आता 'कॅम्पिंग'. पहिल्या सीझनमधला हा भाग बहुतेकांचा आवडता, माझाही. हीलर कुटुंब तंबू घेऊन जंगलात गेलंय. तिथे ब्लूईला झाँ-लूक नावाचा मुलगा भेटतो. तो फ्रेंच बोलतो, ती इंग्रजी. एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि त्यामुळे काही अडत नाही. दोघं मिळून बी लावतात, बँडिटला रानडुक्कर करून त्याची शिकार करतात. एका सकाळी ब्लूई उठते तर झाँ-लूकचं कुटुंब निघून गेलेलं. चिली तिला समजावते की काही माणसं थोड्याच दिवसांसाठी येतात. मग काळ सरकतो, त्या बीचं झाड झालेलं असतं, त्याखाली मोठी झालेली ब्लूई बसलेली असते, आणि मागून कुणाचा तरी ओळखीचा आवाज येतो.

चिलीचं ते समजावणं मला दर वेळी थोडं जास्तीचं वाटतं. ती जे शब्दांत सांगते ते पुढच्या अर्ध्या मिनिटात झाड शब्दांशिवाय सांगतं. लेखकाला झाडावर भरवसा ठेवता आला असता. पण झाड खोटं वाटत नाही, याचं कारण ते लावताना आपण पाहिलंय. खड्डा, बी, पाणी. तिथे मुलांनी काहीतरी केलं होतं म्हणून पुन्हा भेटायला एक जागा उरली.

आता आपलं कॅम्पिंग बघा. पुण्या-मुंबईच्या शनिवारचं कॅम्पिंग म्हणजे बहुतेक वेळा पवना. आम्हीही जानेवारीत लेकीला घेऊन गेलो. चारला पोचलो तर तंबू उभेच, एका रांगेत, नंबर घातलेले. आत गादी, उशी. भजी आली, चहा आला. अंधार पडल्यावर बार्बेक्यूचे दोन-दोन तुकडे कुणीतरी प्लेटमध्ये आणून दिले. स्पीकर सुरू झाला. रात्री जेवण, सकाळी पोहे, अकराला बाहेर. धरणाचं पाणी सुरेख होतं, थंडी होती, तक्रार करावी असं काहीच नव्हतं. फक्त आम्हाला करायला काही नव्हतं. पन्नासेक आईबाप मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि ज्यांच्या बापाच्या हातात काही नाही अशा मुलांच्या हातात साडेसातपर्यंत मोबाइल आले. खुंटी ठोकायला नव्हती, लाकडं गोळा करायची नव्हती, दोरी ताणून धरायची नव्हती. हे सगळं आमच्या येण्याआधीच गावातल्या पोरांनी करून ठेवलं होतं. आमच्या लेकीने शेवटी काय केलं, तर शेजारच्या रिकाम्या तंबूची एक खुंटी उपसली. ते काम तिने अर्धा तास मन लावून केलं. परत ठोकायला मात्र दगड माझ्या हातात दिला.

बँडिटवर परत येतो, कारण तो अशक्य आहे ही तक्रार अगदीच फोल नाही. मालिकेलाही ती जाणवत असावी. 'बेबी रेस' हा भाग त्यासाठीच लिहिला असावा असं मला वाटतं. ब्लूई बाळ असताना बाकीची बाळं रांगायला, चालायला लागतात आणि ही काही धड रांगत नाही. चिलीचा धीर सुटत जातो. मग नऊ मुलांची आई असलेली बेला तिला भेटायला येते आणि तू छान करते आहेस एवढंच सांगते. आमच्या घरात हा भाग बायकोने एकटीने दोनदा बघितला. बालवाडीच्या ग्रुपवर कुणाचं मूल किती शब्द बोलतं याची यादी येते त्या दिवसांत.

मालिका खरोखर पाय मागे घेते ती 'द साइन'मध्ये. एप्रिल २०२४ मध्ये आलेला हा २८ मिनिटांचा भाग. बँडिटला दुसऱ्या शहरात नोकरी मिळते, घर विकायला काढतात, दारात पाटी लागते. इतके सीझन जे घर हवेसारखं फुकट होतं त्याला प्रथमच किंमत आली. लाकडी, खांबांवर उचललेलं, व्हरांड्याचं, टेकडीवरचं ते क्वीन्सलँड पद्धतीचं घर. सगळे खेळ त्याच्या जिवावर चालले होते. आता काय होणार म्हणून मी सरसावून बसलो. झालं असं की घेणाऱ्यांना ऐनवेळी दुसरं घर आवडलं, आणि बँडिटने पाटी उपटून टाकली. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी लातूरहून आलोय. माझ्यासारखे कितीतरी जण सोलापूरहून, जळगावहून, परभणीहून आले. आमची पाटी कुणी उपटली नाही आणि त्याचं दुःख करायचंही कारण नाही; पण नव्या शहरात, नव्या छोट्या घरात, अंगणाशिवाय या मुली कशाने खेळतात, हे बघायची संधी मालिकेने घालवली. ती गोष्ट त्यांना जमली असती. ज्यांनी थर्माकोलमधून डायनोसॉर काढले त्यांना पॅकर्स-मूव्हर्सच्या खोक्यांतून काय काय काढता आलं असतं!

म्हणूनच २०२७ साठी जाहीर झालेल्या 'ब्लूई'च्या सिनेमाची मला थोडी धास्ती आहे. लिहिणार आणि दिग्दर्शित करणार जो ब्रमच, त्यामुळे हात जाणते आहेत. पण सिनेमा म्हटला की मोठा प्रवास, मोठं संकट, धावपळ हे आलंच, आणि 'द साइन' जिथे जिथे ढिला पडतो तिथे हेच झालंय. सात मिनिटांत एक झोपाळा जोडून होतो. सिनेमाच्या लांबीत बँडिटला काय जोडायला देतात, ते मला बघायचंय.